पाऊण लिटर पाण्याचा सव्वादोनशे किलोंचा रेटा

चार फूट लांब आणि दोन फूट उंच अशी एक काच उभी करा. तिच्यामागे काठोकाठ पाणी भरा. हे शांत, स्थिर पाणी त्या काचेला सुमारे २२७ किलो वजनाइतक्या रेट्याने बाहेर ढकलत असतं. मावळातल्या इंद्रायणी तांदळाची पन्नास किलोंची साडेचार पोती त्या काचेवर रचली, तर जेवढा भार पडेल तेवढा. आणि हा भार टाकी रिकामी होईपर्यंत दिवसरात्र कायम असतो.

या हिशेबात टाकीची रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर, कुठेच आलेलं नाही. ते विसरलेलं नाही. त्याची गरजच नाही.

समजा ही रुंदी दीड फूट आहे. टाकीत ३४० लिटर पाणी मावेल आणि पुढच्या काचेवर २२७ किलोंचा रेटा येईल. आता मागची काच सरकवत तळेगाव दाभाड्याहून थेट लोणावळ्यापर्यंत नेऊ, सुमारे ३० किलोमीटर. टाकी चार फूट लांब आणि दोन फूट उंचच आहे, फक्त मागे पसरली आहे. तिच्यात आता सव्वादोन कोटी लिटर पाणी आहे, वजन २२ हजार टनांच्या वर. पुढच्या काचेवरचा रेटा? २२७ किलो. एका ग्रॅमचाही फरक नाही.

आता मागची काच उलट आणत आणत पुढच्या काचेपासून अवघ्या एक मिलिमीटरवर ठेवू. या फटीत फक्त पाऊण लिटर पाणी मावेल. दोन फुटांपर्यंत भरलेलं हे पाऊण लिटर पाणीही पुढच्या काचेला २२७ किलोंनीच ढकलेल.

घरातल्या फिश टँकची काच किती जाड असावी, याचं उत्तर या एका गोष्टीत दडलेलं आहे. टाकी घ्यायला गेलेला माणूस सहसा विचारतो, ‘किती लिटरची आहे?’ काचेला मात्र लिटर कळत नाहीत. तिला फक्त पाण्याची खोली कळते.

एका सेंटिमीटरला एक ग्रॅम

फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिनने १५८६ साली हे मांडलं: द्रवाचा दाब भांड्याच्या आकारावर किंवा त्यातल्या एकूण द्रवावर अवलंबून नसतो, तो पृष्ठभागापासूनच्या खोलीवर अवलंबून असतो. पुढच्या शतकात ब्लेझ पास्कालने त्याचा पाया पक्का केला. शाळेत आपण हा नियम पाठ करतो, पण त्याचं खरं आश्चर्य आकडे घातल्याशिवाय जाणवत नाही.

हिशेब कागदावर पाच ओळींत होतो. पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेलं की दर चौरस सेंटिमीटरवर एक ग्रॅमचा दाब वाढतो. दोन फूट म्हणजे ६१ सेंटिमीटर. पृष्ठभागाशी दाब शून्य, तळाशी ६१ ग्रॅम, सरासरी साडेतीस ग्रॅम. काचेचं क्षेत्रफळ ७,४३२ चौरस सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की २२७ किलो हाती येतात.

मग लोणावळ्यापर्यंतच्या त्या २२ हजार टनांचं काय होतं? ते वजन तळ पेलतो. आडव्या दिशेने पुढची आणि मागची काच एकमेकींना पाण्यामार्फत ढकलत असतात. पुढे २२७ किलो, मागेही २२७ किलो. मधलं पाणी किती लांब आहे, याने त्यात काही बदलत नाही.

हा रेटा काचेवर सारखा पसरलेला नसतो, हेही लक्षात घ्यायला हवं. २२७ पैकी सुमारे १७० किलो एकट्या खालच्या अर्ध्या भागावर असतात. वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर जेमतेम २५ किलो.

याच काचेवर बाहेरून हवाही दाबत असते. तळेगाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे, त्यामुळे हवा किनाऱ्यापेक्षा थोडी विरळ. तरीही एवढ्या काचेवर हवेचा भार सात टनांच्या आसपास भरतो. तो काचेला मोडत नाही, कारण आतल्या बाजूनेही पाण्यामार्फत तेवढाच हवेचा दाब येतो आणि दोन्ही परस्परांना निष्प्रभ करतात. उरतात ते पाण्याचे एकतर्फी २२७ किलो. सात टन निमूट सोसणारी काच या सव्वादोनशे किलोंनी फुटू शकते, कारण तिला धोका एका बाजूला झुकलेल्या दाबाचा असतो.

काचेचं गाव

हा विषय तळेगावात बोलायला एक खास कारण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभे करण्याची कल्पना मांडली आणि ती गावोगाव नेली. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो सुरू केला. इथे केवळ काच तयार झाली नाही, काच तयार करणारी माणसंही तयार झाली.

त्या पैशाचा हिशेब आजही थक्क करतो. तेव्हा एका रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक हजार रुपये जमवायला ६४ हजार माणसांपुढे हात पसरायचा. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे २९ कोटी ४० लाख होती. प्रत्येकाने एकेक पैसा दिला असता, तर ४६ लाख रुपये उभे राहिले असते. एका पैशाकडे क्षुद्र म्हणून न पाहता त्याला माणसांच्या संख्येने गुणायचं धाडस त्या पिढीने केलं. एका चौरस सेंटिमीटरवरच्या काही ग्रॅमना क्षेत्रफळाने गुणलं की सव्वादोनशे किलो होतात, ते गणितही याच जातीचं आहे.

आज त्याच पट्ट्यात, चाकणला, सेंट-गोबेन सेक्युरिटच्या कारखान्यात मोटारींच्या काचा बनतात. फिश टँकला लागते ती सपाट फ्लोट काच. वितळलेला काचरस वितळलेल्या कथिलावर तरंगत ठेवून ती बनते. ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ साली जाहीर केली, आणि दोन्ही बाजूंनी आरशासारखी सपाट, एकसारख्या जाडीची काच सामान्य घरांच्या आवाक्यात आली. आपल्या हॉलमधली टाकी त्या शोधाचं देणं आहे.

उंची दुप्पट, जाडी पावणेतीनपट

आता जाडीकडे येऊ. वरची कड मोकळी असलेल्या, बाकी तीन बाजूंनी धरलेल्या काचेसाठी अभियंते एक सूत्र वापरतात. त्यात काचेची ताकद दर चौरस मिलिमीटरला १९.२ न्यूटन धरतात आणि सुरक्षेसाठी तिला ३.८ ने भागतात. म्हणजे काच जेवढं सोसू शकेल, त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढाच ताण तिच्यावर येऊ द्यायचा.

लांबी उंचीच्या दुप्पट असलेल्या टाक्यांसाठी या सूत्रातून असे आकडे येतात. एक फूट उंचीला ४.२ मिलिमीटर, म्हणजे बाजारातली ५ एमएम काच. दीड फुटाला ७.८, म्हणजे ८ एमएम. दोन फुटांना १२ एमएम. तीन फुटांना २२. चार फुटांना ३४.

एक फुटावरून चार फुटांवर गेलो, उंची चौपट झाली, जाडी मात्र आठपट. कारण उंचीचा मार दोन बाजूंनी बसतो. पाणी खोल झालं की दाब वाढतो, आणि काच उंच झाली की वाकायला तिला मोकळी जागाही जास्त मिळते. त्यामुळे ताण उंचीच्या घनाने वाढतो. जाडी मात्र वर्गाने मदत करते. दोन्हींचा मेळ घातला की उंची दुप्पट केल्यावर जाडी सुमारे २.८ पट लागते.

लांबीचं तसं नाही. दोन फूट उंच टाकी चार फूट लांब असली तर १२ मिलिमीटर लागतात, सहा फूट लांब केली तर १२.९. लांबी दीडपट झाली आणि सूत्राने एक मिलिमीटरही पुरता वाढवून मागितला नाही. रुंदीला तर पुढच्या काचेच्या हिशेबात स्थानच नाही. तीन मापांपैकी सगळ्यात महाग माप कोणतं, हे इथे स्वच्छ दिसतं.

आता जाडीत काटकसर केली तर काय होतं ते पाहू. चार फूट लांब, दोन फूट उंच टाकीला १२ एमएम काच लावली, तर सुरक्षेचा गुणक ३.८ राहतो. १० एमएम लावली तर तो २.६ वर येतो. ८ एमएमला १.७. आणि ६ एमएमला एकाच्याही खाली. जाडी निम्मी केली तर ताण चौपट होतो. फुगवटा त्याहून झपाट्याने, आठपट वाढतो. १२ एमएमची ती काच मध्ये जेमतेम ०.४ मिलिमीटर फुगते. तिच्या जागी ६ एमएम असती, तर तीन मिलिमीटरांहून जास्त फुगली असती. वरच्या कडेला आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या की हा फुगवटा बराच आवरतो, आणि त्या अवश्य लावाव्यात. पण पट्टी आहे म्हणून जाडी कमी करणं म्हणजे सुरक्षेचा एक थर घालून दुसरा काढून घेणं.

ओरखड्याची ताकद

काचेला एवढी राखीव ताकद का द्यावी लागते? नुकत्याच ओढलेल्या बारीक काचतंतूची ताकद दर चौरस मिलिमीटरला तीन हजार न्यूटनांच्या पुढे जाते. आपण हिशेबात धरतो ते १९. म्हणजे दीडशेपटीहून जास्त तफावत, तीही एकाच जातीच्या पदार्थात.

याचं कारण ब्रिटिश अभियंता ए. ए. ग्रिफिथने १९२० साली दाखवलं. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात. काच वाकली की सगळा ताण त्या भेगांच्या टोकांशी एकवटतो. पोलादात असा ताण आला तर धातू तिथे किंचित ताणला जातो आणि सावरतो. काच ताणली जात नाही. भेग पुढे सरकते, आणि एका हद्दीपलीकडे थेट फुटते.

त्यात पाणी स्वतः भर घालतं. भेगेच्या टोकाशी ताणलेले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध पाण्याचे रेणू हळूहळू तोडतात. म्हणून एका तासाचा भार सहज पेलणारी काच तोच भार कायम ठेवला तर काही वर्षांनी हार मानू शकते. पहिल्या दिवशी पाणी भरून टाकी टिकली, यातून पुढच्या दहा वर्षांबद्दल फारसं काही सिद्ध होत नाही. ३.८ हा आकडा अतिसावधपणातून आलेला नाही. वाळूचा कण अडकलेल्या स्पंजने घासताना पडणारे ओरखडे, स्टँडची असमान फळी, खेळता खेळता आदळणारं कोपर, आणि वर्षानुवर्षांची ओल, या सगळ्यांची तरतूद त्यात आहे.

म्हणून कडा घासून, पॉलिश करून घ्याव्यात. कापलेली कड सगळ्यात जास्त भेगांची जागा असते. टाकीखाली थर्मोकोल किंवा फोमचा सपाट थर द्यावा, म्हणजे फळीवरचा एखादा खडा तळकाचेच्या एका बिंदूवर सगळा भार आणणार नाही. टफन्ड (कडक केलेली) काच ताकदवान असते, पण ती नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि फुटली की एका क्षणात सगळी चुरा होते.

जोडणीचाही हिशेब आश्वासक आहे. १२ एमएमची पुढची काच तळाशी आणि दोन्ही बाजूंना मिळून २.४ मीटर लांब सिलिकॉनच्या सांध्याने धरलेली असते. २२७ किलो त्यावर विभागले की सरासरी दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच येतो. नीट बसलेला, नीट सुकलेला चांगला सिलिकॉन याच्या दहापटीहून जास्त सोसतो. प्रश्न ताकदीचा कमी आणि कामाच्या स्वच्छतेचा जास्त असतो: काच तेलकट नसावी, सांध्यात हवेचे बुडबुडे नसावेत, सुकायला पुरेसे दिवस मिळावेत. बुरशीनाशक मिसळलेला बाथरूमचा सिलिकॉन माशांसाठी घातक असतो, तो कधीही वापरू नये.

तेच ३४० लिटर

आता दोन टाक्या शेजारी ठेवू. पहिली चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. दुसरी चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. फक्त रुंदी आणि उंची यांची अदलाबदल केली आहे. दोन्हींत पाणी अगदी सारखं, ३४० लिटर.

पहिलीच्या पुढच्या काचेवर २२७ किलो, दुसरीच्या १२७. पहिलीला १२ एमएम काच हवी. दुसरीला सूत्र ८.२ मिलिमीटर सांगतं, म्हणजे १० एमएममध्ये ती भरपूर सुरक्षित. काचेचं वजन पहिलीचं ७८ किलो, दुसरीचं ६०. पाण्याचा उघडा पृष्ठभाग पहिलीत सहा चौरस फूट, दुसरीत आठ.

हा शेवटचा आकडा माशांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. हवेतला प्राणवायू पृष्ठभागातूनच पाण्यात शिरतो. पृष्ठभाग एक तृतीयांशाने वाढला, म्हणजे त्याच पाण्याला श्वास घ्यायची जागा तेवढी वाढली. बहुतेक मासे आडवे पोहतात, त्यांना वळायला रुंदी लागते. आणि टाकी साफ करणाऱ्याचा हातही दीड फुटाच्या तळापर्यंत सहज पोचतो.

जमिनीवरच्या भाराचाही विचार करा. घरांच्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोनशे किलो चल भार धरायला सांगतं. उंच टाकीचा पाणी आणि काच मिळून भार तिच्या तळाखाली दर चौरस मीटरला ७५० किलो होतो, बसक्या टाकीचा ५४०. याने स्लॅब कोसळेल असं मुळीच नाही, कारण तो आकडा सगळ्या खोलीभर पसरून धरलेला असतो. पण टाकी भिंतीलगत, तुळईजवळ ठेवणं शहाणपणाचं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी १५ एमएम काचेसह पाणी भरून ८३० किलोंची होते, तीही वाळू, दगड आणि स्टँड सोडून. जुन्या इमारतीत ती आणण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं.

तळेगावचं सूत्र, ओकिनावाची भिंत

हेच गणित किती दूर जातं ते पाहा. जपानमधल्या ओकिनावा चुराउमी मत्स्यालयात २००२ पासून एक पारदर्शक भिंत उभी आहे. साडेबावीस मीटर लांब, ८.२ मीटर उंच. मागे ७५ लाख लिटर पाण्यात व्हेल शार्क पोहतात. फक्त ८.२ मीटर उंचीचं खारं पाणी धरलं, तरी त्या भिंतीवर ७७० टनांहून जास्त रेटा येतो. आपण दोन फुटी टाकीला लावलेल्या सूत्रात ही मापं घातली, तर काचेची जाडी ६३ सेंटिमीटर येते. प्रत्यक्षात ती भिंत ६० सेंटिमीटर जाड आहे. ती अ‍ॅक्रिलिकची असल्याने तिची ताकद आणि हिशेब वेगळे, त्यामुळे हा मेळ काही अंशी योगायोगाचा. पण कागदावरच्या एका ओळीने हॉलमधल्या टाकीपासून व्हेल शार्कपर्यंत योग्य मोजमापाच्या जवळ नेलं, ही भौतिकशास्त्राची थोरवी आहे. आणि त्या भिंतीमागे टाकीऐवजी अख्खा प्रशांत महासागर तेवढ्याच उंचीने शांत उभा असता, तरी तिच्यावरचा रेटा वाढला नसता.

उलट बाजूही विसरू नये. बर्लिनमधलं अ‍ॅक्वाडोम हे अ‍ॅक्रिलिकचं दंडगोलाकार मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटलं. दहा लाख लिटर पाणी हॉटेलमधून रस्त्यावर आलं. सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. तज्ज्ञांनी बांधलेल्या टाकीचं हे झालं. तेव्हा आपल्या घरातल्या टाकीला तिच्या हक्काचे दोन मिलिमीटर नाकारू नका. तिच्यातल्या जिवांना बाहेर जायला वाट नसते. त्यांचं सगळं जग आपण ठरवलेल्या त्या जाडीवर उभं असतं.

म्हणून टाकीची ऑर्डर देताना लिटर बाजूला ठेवा आणि पहिला आकडा उंचीचा ठरवा. दीड फुटाच्या वर जायचं खास कारण नसेल, तर जाऊ नका. जास्त पाणी हवं असेल तर लांबी वाढवा, त्याहून आधी रुंदी वाढवा. चार फूट लांब टाकीसाठी दीड फुटी उंचीला १० एमएम, दोन फुटी उंचीला किमान १२ एमएम काच, वर आडव्या पट्ट्या, पॉलिश केलेल्या कडा आणि खाली सपाट आधार. दुकानदाराने त्याहून पातळ काच सुचवली, तर कागद घ्या आणि त्याच्यासमोरच गुणाकार करून दाखवा.